तुळशीचा सासरा

आबांना गावात कोणी शहाणं म्हणत नसे. मीही म्हणत नव्हते. माणूस देवळात जात नाही, एकादशी धरत नाही, कीर्तनाला बसवलं तर उठून जातो, आणि शेतात तुळशी लावतो. एक नाही, दोन नाही. बांधावर तुळस, पाटाच्या दोन्ही कडांना तुळस, विहिरीभोवती तुळस. सोनगीरच्या किल्ल्यावर उभं राहिलं तर आमचं गाव दिसतं, आणि गावाच्या अलीकडे जो काळसर पट्टा दिसायचा तो आबांचा मळा. बाकीच्यांची वावरं हिरवी, याचं काळं.

माझे मालक आबांकडे सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल सुरू होतं, आखाजीला संपतं. लग्न होऊन मी आले ती गावात आलेच नाही, बैलगाडीतून थेट मळ्यातल्या झोपडीत उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले. समोर तुळशी. माझ्या आईने लहानपणापासून शिकवलं होतं, मंजिरी आली की खुडायची, नाहीतर तुळशीच्या डोक्याला भार होतो आणि ती वाळते. मी घागर खाली ठेवली आणि खुडायला लागले. ओंजळभर झाल्या असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात काढ! हात काढ तठून!"

वळून बघते तर भर उन्हात काळा कोट घातलेला म्हातारा. खाली धोतर, पाय अनवाणी.

"मंजिरी कसाले खुडी ऱ्हायनी तू?"

"मन्ही मायनी शिकाडेल शे," मी म्हणाले. "नही ते तुळस वाळी जास."

"तुन्ही मायले सांग, मन्ही तुळस वाळनी ते मी रडसू. तुमी मायलेकी नका रडा."

असा आमचा परिचय झाला. नव्या नवरीशी कोणी असं बोलतं का? पण आबा सगळ्यांशी असंच बोलायचे, मामलेदाराशीसुद्धा. त्यामुळे राग फार वेळ टिकत नसे.

तुळशी त्यांना मधमाशांसाठी हव्या होत्या. आबा कांद्याचं बी पिकवायचे. आजूबाजूच्या गावांत रोपं टाकायला त्यांचंच बी जायचं. निवडलेला कांदा दिवाळीच्या सुमारास जमिनीत लावतात. पौष-माघात त्यातून लांब दांडा वर येतो, त्याला आम्ही डेंगळा म्हणतो. डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो. त्या गोंड्यावर माशी बसली तर बी भरतं, नाही बसली तर गोंडा नुसता वाळतो. कांद्याचं फूल माशीला फारसं आवडत नाही, असं आबांचं म्हणणं. तेवढ्यासाठी ती लांबून येणार नाही. तिला आधीपासून मळ्यात मुक्कामाला ठेवायला हवं. तुळस दसऱ्यापासून फुलते ती थंडी संपेपर्यंत.

"पाहुना थांबाडना व्हई ते आधी चहा ठेवना पडस," ते म्हणायचे. "तुळस म्हनजे चहा. कांदा म्हनजे काम."

विहिरीच्या बांधकामात दगडांच्या फटीत माशांचं मोहोळ होतं. दुपारी तुळशींजवळून गेलं की चुलीवरचं पाणी उकळी फुटायच्या आधी गुणगुणतं तसा आवाज सगळ्या पाटावर भरलेला असायचा. मला पहिले काही महिने भीती वाटली. नंतर आवाज नसला की चुकल्यासारखं व्हायचं.

मळ्यात विडी ओढायला बंदी. धुराने माशा बिथरतात. एकदा त्यांचा स्वतःचा मेहुणा केसांना वासाचं तेल लावून आला, तर त्याला बांधावरच उभं केलं आणि पाण्याची बादली दिली. "डोकं धुई घे, मंग ये." मेहुणा तसाच परत गेला, दोन वर्षं आला नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. कोट मात्र उन्हाळ्यात, पावसाळ्यात, मोट हाकताना, जेवताना कायम अंगात. माशी जाड कापडातून चावत नाही म्हणायचे. मी त्यांना माशी चावलेली कधी पाहिली नाही. कोटामुळे की स्वभावामुळे, कोण जाणे.

जुन्या तुळशी मनगटाएवढ्या जाड खोडाच्या होत्या, कमरेला लागायच्या. नव्या ते दरवर्षी तयार करत. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळून बी काढायचं, ते राखेत मिसळायचं, नाहीतर मुंग्या उचलून नेतात. मग ज्येष्ठात वाफ्यात टाकून वरून हाताने नुसतं दाबायचं. माती टाकायची नाही. रोपं वीतभर झाली की पाटाच्या कडेला. शिमग्यानंतर, माशांचं काम संपलं की वाळलेल्या मंजिऱ्या ते स्वतः कापायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत. आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की कांद्याच्या आधी तुळशीला पाणी. माझे मालक कुरकुरायचे. "आबा, बैल तहानेल शेतस." मग बैलांना आधी, तुळशीला नंतर, आबांना सगळ्यांत शेवटी.

एक गोष्ट सांगते, बायकांना कळेल. आमच्यात बाजूला बसलेल्या बाईने चार दिवस तुळशीला शिवायचं नाही, तिची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. या मळ्यात तुळशीला न शिवता विहिरीवर जायला वाटच नव्हती. म्हणून त्या दिवसांत मी लांबच्या बांधावरून, काट्यांतून वळसा घालून पाणी आणायची. आबांच्या ते लक्षात आलं. एका सकाळी म्हणाले, "माय, इतली लांब कसाले जास?"

मी खाली बघितलं. त्यांना कळलं. पुरुषमाणूस, खोकून निघून जाईल असं मला वाटलं.

"माशी कोनले इचारस का?" ते म्हणाले. "बसस नि जास. तू बी जाय."

त्या दिवसापासून मी सरळ वाटेने गेले. तुळशी वाळल्या नाहीत. सासूला हे कधी सांगितलं नाही, तिला माझ्यावर रागवायला कारणं भरपूर होती.

शेजारचं वावर नानाचं. नाना म्हणजे चार मुलगे, दोन बैलजोड्या आणि गावात शब्दाला वजन. तो हरभरा करायचा. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अळी मारायची नवी पावडर आली. फडक्यात बांधायची आणि पिकावर झटकत जायचं. पहिल्या वर्षी नानाच्या मुलांनी ती भर दुपारी मारली. वारं त्यांच्याकडून आमच्याकडे. मी भाकरी करत होते, तर परातीतलं पीठ आणि हवेतलं पीठ सारखंच दिसत होतं. संध्याकाळी पाटात माशा पडलेल्या. काही चालत होत्या, गोल गोल, आपल्याच भोवती.

आबा बांधावर गेले. नानाही आला.

"दुपारले पावडर नका मारा, नाना. मन्ह्या माश्या मरी ऱ्हायन्यात."

"मन्हा वावरमा मी कव्हय काय मारसू, ते तुमले इचारनं पडस का?" नाना म्हणाला. "माश्या काय तुमी इकत लयेल शेतस?"

बोलणं तिथेच तुटलं. मग वर्षभर दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली नाहीत.

त्या वर्षी डेंगळे फुलले आणि गोंड्यांवर कोणी बसेना. आबांनी आपलं जुनं मलमलचं उपरणं काढलं आणि रोज सकाळी एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर अलगद फिरवत हिंडायला लागले. या फुलाची भुकटी त्या फुलाला लागावी म्हणून. वाटेने जाणाऱ्या बायका हसून लोटपोट.

"आबा कांदासना गाल पुशी ऱ्हायनात!"

"पुसू नही ते काय करू?" आबा न थांबता म्हणायचे. "मन्ह्या कामवाल्या मरी गयात."

मीही एक फडकं घेऊन फिरले. हात भरून आले. बी आलं ते मूठपसा. माणसाच्या हाताने माशीचं काम होत नाही, हे मला त्या वर्षी समजलं.

आबांचा मुलगा धुळ्याला कचेरीत होता. चांगला मुलगा, शुद्ध बोलायचा. त्याने मळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. "आबा, आता पुरे. माझ्याकडे या, दोन वेळा सुखाने जेवा." आबा त्याला कधी हो म्हणाले नव्हते. त्या वर्षी म्हणाले. पुढच्या साली बी आलं नाही, तर आखाजीच्या आधी मळा विकायचा आणि धुळ्याला जायचं. शब्द दिला तेव्हा मी तिथेच उभी होते. आबा गेले की नवा मालक त्याचा गडी आणणार. माझं दुसरं मूल तेव्हा पोटात होतं, आणि जायला जागा म्हणाल तर सासूचं घर. म्हणजे जागा नव्हतीच.

पावसाळा गेला. माशा परत आल्या, थोड्याच, पण आल्या. दसरा झाला, तुळशी फुलल्या. नानाच्या वावरात हरभरा उगवला. मला तो हिरवा दिसायचाच नाही, त्यावर पांढरं पीठच दिसायचं.

कार्तिकात नानाची बायको मळ्यात आली. तिला सगळे अक्का म्हणत. पुरुष बोलत नसले तरी आम्ही दोघी बोलायचो. पाणी भरताना कोणाचं भांडण कोण पाळतं?

"तुन्हा आबाजवळ बाळकृष्ण शे ना? म्हातारीना येळना, पितळना?" अक्काने विचारलं.

मूर्ती होती. आबांच्या बायकोच्या मागे ती बियाच्या डब्यात पडून होती, फडक्यात गुंडाळलेली. अक्काला चार मुलगे, मुलगी एकही नाही. ज्याला मुलगी नाही त्याने तुळशीचं लग्न लावून कन्यादान करावं, म्हणजे पुण्य लागतं. अक्काच्या मनात ते बरीच वर्षं होतं. पण तिला लुटुपुटीचं लग्न नको होतं. मुलीकडचे वेगळे, मुलाकडचे वेगळे, वरात, मांडव, सगळं खऱ्यासारखं. म्हणून नवरदेव दुसऱ्याच्या घरून यायला हवा होता.

मी आबांना विचारलं, तेव्हा मला वाटलं ते मूर्ती काढून देतील आणि पुन्हा मोटेवर जातील. ते मूर्ती न काढताच मोटेवर गेले. संध्याकाळी म्हणाले, "नवरदेव देसू. पन वरबाप मी."

आबा आणि लग्नात! गावात हसू झालं. ज्याच्याकडे इतक्या तुळशी आहेत आणि त्याने आजवर एकीचंही लग्न लावलं नाही, तो आता वरबाप. कोणी तरी मालकांना विचारलंसुद्धा, "बाकीन्या तुळशीसनं लगन कोन लावी? त्या वयात येल शेतस!"

द्वादशीला आमची वरात निघाली. पुढे एक डफवाला, मागे आबा. डोक्याला पागोटं, अंगात तोच कोट, हातात चिंचेने घासलेला बाळकृष्ण. मी करवली, कडेवरचं तान्हं सांभाळत. नानाच्या दारात उसाचा मांडव होता. तुळशीला हिरवी चोळी, बांगड्या, हळदकुंकू. अक्काने तिला दागिना घातला होता, स्वतःच्या गळ्यातला. नाना पागोटं बांधून उभा होता, आबांकडे न बघता. भटजींनी अंतरपाट धरला, लोकांनी अक्षता घेतल्या, आणि भटजी तोंड उघडणार एवढ्यात आबांनी बाळकृष्ण उचलला आणि कोटाच्या आत घातला.

"काय व्हयनं?" भटजी म्हणाले.

"आमना नवरदेव रुसना," आबा म्हणाले.

सगळा मांडव खदखदून हसला. आमच्याकडे नवरदेव रुसतो ही रीतच आहे. सायकलीसाठी रुसतो, घड्याळासाठी रुसतो. नानाचा धाकटा मुलगा ओरडला, "आबा, देवले सायकल जोयजे का? पाय ते पेडलवर पुरावत नही!"

आबा हसले नाहीत. "देवले सायकल नको. वधुपितानी बोलानं. हरभरावर पावडर मारा, मी नही म्हनत नही. पन दिन निंघाना आधी मारा, वारं पडेल ऱ्हास तव्हय. दिन निंघना का पोतं बंद. आठे, बठ्ठा गावना समोर बोला. नही ते आमी चालनूत."

आता हसू थांबलं. नानाचं तोंड लाल झालं. थोरला मुलगा पुढे सरसावला. "हाऊ काय खेळ शे का? थंडीमा, अंधारामा कोन पावडर मारी?"

"मुहूर्त चालना," भटजी म्हणाले.

आबा खरंच वळले. दोन पावलं टाकली. मागून अक्काचा आवाज आला. तसा आवाज मी तिचा आधी कधी ऐकला नव्हता.

"ओ! मन्ही पोर मांडवमा हुभी शे!"

ती नवऱ्याकडे बघत होती. तुळशीच्या कुंडीवर तिचा हात होता, आपल्या मुलीच्या खांद्यावर ठेवावा तसा. लोकांनी खाली बघितलं. मुलगी मांडवात उभी राहिली आणि वरात फिरली, ही काय चेष्टेची गोष्ट नाही, मग ती मुलगी झाड का असेना.

नानाने घसा साफ केला. "दिन निंघाना आधी मारसू," तो म्हणाला. "कबूल."

"जोरबन," आबा म्हणाले.

"कबूल!" नाना ओरडला, इतक्या जोरात की डफवाल्याला वाटलं लग्न लागलं आणि त्याने वाजवायला सुरुवात केली.

लग्न लागलं. व्याह्यांनी एकमेकांना कवळलं. कोटाच्या गुंड्या नानाला टोचल्या असाव्यात, तो लगेच मागे झाला.

पण मांडवात दिलेला शब्द आणि पिकात पडलेली अळी, यांची गाठ पौषात पडते. आमचे डेंगळे फुलले होते. नाना आणि त्याची मुलं खरोखर अंधारातून उठून यायची, तोंडाला फडकी बांधून. बांधावरून नाना हाक मारायचा, "व्याही, तुमन्या माश्या उठन्यात का?"

"नही, आजून झोपेल शेतस. मारा!"

असं काही दिवस चाललं. मग एका दुपारी मी डेंगळ्यांत पाणी धरत होते आणि पलीकडे नानाचा थोरला एकटाच दिसला. हातात पावडरीचं फडकं. रात्री कुठे तमाशाला गेला असेल, पहाटे उठला नसेल. वारं आमच्याकडेच होतं. गोंडे माशांनी काळे झालेले. मी आबांकडे बघितलं. ते बांधाशी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात कोटाच्या खिशात. ओरडले नाहीत. मला त्यांचा संताप आला. मी ओरडायला बांधाकडे निघाले.

तेवढ्यात अक्का भाकरीची टोपली घेऊन आली. तिने मुलाकडे बघितलं, वाऱ्याकडे बघितलं.

"बहीनना सासरावर पावडर टाकस का रे?"

"कसानी बहीन?" थोरला म्हणाला. "झाड शे ते."

"कन्यादान मी करेल शे. झाड म्हननार ते भाकर नही. ना आज, ना सकाय."

आणि ती टोपली घेऊन परत घराकडे चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. थोरला उभा राहिला. भूक लागलेला जवान गडी. त्याने फडक्याची गाठ आवळली, ते पोत्यात टाकलं आणि आईच्या मागे धावला.

आबांनी खिशातून हात काढले.

"इहीन चांगली भेटनी," ते म्हणाले आणि पाटाचं दार फोडायला गेले.

चैत्रात मुलगा धुळ्याहून आला. ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईकाला घेऊन आला. मी आदल्या दिवशीच भांडी बोचक्यात बांधून ठेवली होती. बी आलंय हे मला दिसत होतं, पण म्हाताऱ्या माणसांचा नेम नसतो, मुलगा समोर आला की ती विरघळतात. आबा कापलेल्या डेंगळ्यांच्या ढिगाजवळ बसले होते. त्यांनी एक गोंडा घेतला, तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. साल उडून गेली. हातावर काळं बी राहिलं, टपोरं, चमकणारं. त्यांनी हात मुलापुढे धरला.

मुलाने चार दाणे चिमटीत धरून बघितले. "बरं आलंय, आबा," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षाचं काय?"

"पुढला वरीसनं व्याही पाहतीन," आबा म्हणाले. "मळा मी इकत नही. मी काय कोठे येत नही."

गिऱ्हाईक मुलाकडे बघायला लागलं. मुलगा हसला. मला वाटतं त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. धुळ्याच्या दोन खोल्यांत हा कोट, ही तोंडाची पट्टी आणि सून यांचं काय झालं असतं, देव जाणे.

"पाहुना जेवीसन जातीन," आबांनी मला हाक मारली. "भाकरी टाक, माय."

मी झोपडीत गेले. बोचक्याची गाठ इतकी घट्ट मारली होती की सुटेना. शेवटी दातांनी सोडली, तवा काढला आणि चूल पेटवली.